चार रकान्यांचा फळा

मित्रांनो, आमच्या गुरुजींकडे एक पत्र दोन महिने उत्तराशिवाय पडून होते. टेबलावर, चष्म्याच्या डबीखाली. डबी उचलली की गुरुजी घाईने दुसरीकडे पाहत. समोरच्या भिंतीला टेकून मी हे रोज बघत होतो. मी त्यांच्या शाळेतला जुना लाकडी फळा.

सुताराने चार फळ्या जोडून मला घडवले आणि काळा रंग दिला. शाळेला खोली एक, गुरुजी एक, वर्ग मात्र चार. म्हणून गुरुजींनी माझ्या अंगावर तीन आडव्या रेघा ओढून चार रकाने पाडले. पहिलीचा रकाना अगदी खाली असे, कारण ती चिमुरडी स्वतः येऊन अक्षरे गिरवत. एका वर्गाला शिकवताना बाकीच्या तिघांना काम द्यावे लागे, नाहीतर खोलीचा बाजार होई. चौथीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कधी कधी दुसरीतून येई.

"तुला कोणी विचारलं रे?"

"पण मला येतंय ना, गुरुजी!"

एका वर्षी चौथीत एक उंच मुलगी होती. हिशेबात पक्की, पण वाचायला उभे केले की तिला खोकला येई. "आला, आला, हिचा खोकला आला!" मुले ओरडत. त्याच वर्षी पहिलीत एकोणीस मुले आली. गुरुजी तिला म्हणाले, "तू बस गं यांच्याजवळ. अक्षरं गिरवून घे."

ती रोज सगळ्यांच्या आधी येई. लहानग्यांनी आपली चूक पकडू नये म्हणून माझा खालचा रकाना बोट ठेवून पुटपुटत वाची. वर्ष संपता संपता ती चौथीचे पुस्तक न खोकता वाचू लागली.

पुढे नवा गुळगुळीत फळा आला आणि मी पडवीत गेलो. माझ्यावर ओली फडकी वाळू लागली. निवृत्तीच्या दिवशी गुरुजींनी मला घरी आणले.

आणि मग त्या मुलीचे पत्र आले. ती आता शिक्षिका झाली होती. 'गुरुजी, मलाही खोली एक आणि वर्ग चार. एक मुलगा चौथीत आहे, पण तेव्हाच्या माझ्यासारखंच त्याला वाचता येत नाही. मला पहिलीत बसवून तुम्ही वाचायला शिकवलंत, ती युक्ती सांगा. मला जमत नाही. मुलांचं नुकसान होण्यापेक्षा नोकरी सोडलेली बरी.'

"अहो, उत्तरासाठी मुहूर्त शोधताय का?" गुरुजींच्या पत्नीने विचारले.

"काय लिहू? युक्ती नव्हतीच गं. मला माणूस कमी पडत होतं. पोरीला राबवलं मी, आणि ती मला शहाणा समजते."

"मग तसंच लिहा."

"तिला वाईट वाटलं तर?"

"आणि तिनं नोकरी सोडली तर?"

गुरुजी उठून टेबलाशी बसले. मग कागद ओढून एकेक शब्द पुटपुटत लिहू लागले. 'युक्ती कसलीच नव्हती. मला मदत हवी होती, म्हणून तुला बसवले. त्याबद्दल माफ कर. पण एका सकाळी मी दारातून तुला एकटीला वाचताना पाहिले. मी आत आलो असतो तर तू थांबली असतीस. म्हणून वर्षभर मी रोज थोडा वेळ बाहेर उभा राहिलो. त्या मुलालाही लहानांचे काम दे, आणि तूही थोडी बाहेर थांब. नोकरी सोडू नकोस.'

हे मलाही ठाऊक नव्हते! मित्रांनो, तुमच्या वर्गात कोणी अडखळले, तर हसू नका. त्याला थोडा वेळ द्या. एका खोलीत कोण कोणाकडून शिकेल, ते आम्हा फळ्यांनाही सांगता येत नाही.

गुरुजींनी पाकीट चिकटवले आणि चपला घातल्या.

"अहो, तिकीट!"

ते परत आले, तिकीट लावून पुन्हा निघाले. खिडकीतून मला कोपऱ्यावरची टपालपेटी दिसते. तिच्यासमोर ते क्षणभर घुटमळले. मग त्यांनी हात आत घातला, आणि तो रिकामा बाहेर आला.