वाढीव महिना

भाच्याला एका गोष्टीचा भारी अभिमान होता: जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेतल्या तारखांनी त्याला कधी फसवलं नव्हतं. त्या भाषेची तऱ्हाच मुलखावेगळी. तारीख एकपासून मोजायची आणि महिना मात्र शून्यापासून. जानेवारी शून्य, फेब्रुवारी एक. ऑफिसात नवीन येणाऱ्या प्रत्येकाकडून तो हे घोकून घ्यायचा.

मावशीचं शिवणकामाचं दुकान बंद करायचं घरच्यांनी ठरवलं, तेव्हा निरोपाच्या समारंभाचं वेबपान ओघानेच त्याच्या गळ्यात पडलं. तिचे गुडघे कुरकुरायला लागले होते, आणि एवढं कारण सगळ्यांना पुरलं. दिवस ठरला दहा मे. त्याने हौसेने रंग निवडले, मशीनवर बसलेल्या मावशीचा फोटो लावला, महिन्याच्या जागी बिनदिक्कत पाच लिहिलं आणि पान सगळ्यांना धाडून दिलं.

दहा मेला स्वारी केक घेऊन दुकानात हजर. भाड्याच्या खुर्च्या मांडून झाल्या, पण मशीनवरची मावशी सोडली तर चिटपाखरू नाही. शेवटी त्याने आईला फोन लावला.

"अरे, पुढे ढकललंय ना? तुझ्या पानावर जून आहे. मी तिकीटही जूनचं काढलंय."

त्याने पान उघडलं. ठसठशीत अक्षरांत दहा जून. पाच म्हणजे जून, हे लोकांना शिकवण्यात ह्याची उभी नोकरी गेली होती. त्याने कपाळावर हात मारून घेतला.

"मावशी, मी माती खाल्ली. सगळ्यांना जून कळवलाय."

मावशी एका झग्याला बाही लावत होती. "माहितेय मला. पान पाठवलंस त्याच दिवशी पाहिलं."

"मग बोलली का नाहीस?"

तिने मशीन थांबवलं. "माझा शेवटचा दिवस तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलात. केक कुठला हवा ते विचारलंत. दुकान सोडायचंय का, हे कोणी विचारलं? तुझ्या चुकीनं एक महिना वाढवून मिळत होता. बसले गप्प."

भाचा चांगलाच ओशाळला. केकचं त्यानेच विचारलं होतं. एक खुर्ची ओढून त्याने लॅपटॉप उघडला आणि सवयीने चूक दुरुस्त करायला घेतली. पण पाच खोडल्यावर त्या जागी काय लिहायचं ते सुचेना.

"मावशी, तुला कधी थांबायचंय?"

मावशीचे डोळे भरून आले. तिने बाही पुन्हा सुईखाली सरकवली.

"ठरलं की मी सांगेन," ती म्हणाली. "तोवर तिथे काही लिहू नकोस."