घासून आलेला डबा

सिगारेटवरचा कर पुन्हा वाढला, त्या संध्याकाळी ताईने देवापुढे एक जास्तीचा दिवा लावला. धाकटा भाऊ गवंडी. आईच्या मागे तिनेच त्याला वाढवलेलं. त्याचा खोकला भिंतीपलीकडून ऐकू आला की तिच्या काळजात चर्र व्हायचं. आपल्या बोलण्याने जे झालं नाही ते देवाने सरकारच्या हातून करवलं, असं ती शेजारणींना सांगत सुटली.

आणि दिसायलाही तसंच दिसलं. घरात सिगारेटचं पाकीट दिसेना. खोकला तेवढा राहिला होता, तोही जाईल. वर दुपारचा डबा लख्ख घासून येऊ लागला. जन्मात स्वतःचं ताट न उचललेला माणूस डबा घासतो, हे बघून ताईला भरूनच आलं. तो वाळत चालला होता खरा, पण सवय सुटताना अंग उतरायचंच, अशी तिने मनाची समजूत घातली.

मग एके दुपारी कामावरचा सुतार धावत आला. भाऊ चक्कर येऊन परांचीवरून पडला होता. पाय मोडला होता. दवाखान्याच्या बाकावर सुतार तिच्याशेजारी बसून राहिला. एकटा जीव बिचारा. तिला बरं वाटावं म्हणून म्हणाला, "ताई, तुमच्या हाताला चव आहे हो. रोज तुमचाच डबा खातो मी. फुकट नाही हं, पैसे देतो त्याला. आणि घासूनही देतो."

लख्ख घासून आलेला तो डबा ताईच्या डोळ्यांपुढे आला.

घरी आणल्यावर तिने भावाला विचारलं, उपाशी राहून धूर कसला गिळत होतास? तो छताकडे बघत राहिला. ठेकेदारही हीच ओढतो, म्हणाला, त्याच्या ताटातला घासही कमी झाला नाही.

"कर दोघांना सारखाच आहे, ताई. मला तो पोटातून भरावा लागला."

"मग सोडायची होतीस."

"सुटली असती तर तुझा डबा विकला असता का मी?"

दुसऱ्या दिवशी ताई जन्मात पहिल्यांदा पानाच्या दुकानावर उभी राहिली. घरी येऊन तिने त्याला आपल्या हाताने भरवलं, डबा पार रिकामा होईपर्यंत. मग एक सिगारेट त्याच्या हातात ठेवली आणि खिडकी उघडली.

संध्याकाळी ती दिव्यापुढे बसली. हात जोडले, पण मागायचं काय तेच सुचेना. भिंतीपलीकडे खोकला सुरू झाला होता.