गणपतीचं वाहन आणि वहिनीची कणगी

शेजारच्या घरात सूप आपटल्याचा आवाज आला आणि मी ओळखलं, वहिनीनं कणगी उघडली. आमच्या दोन घरांत भिंत एकच, त्यामुळं भांडणही निम्मं आमच्या वाटणीला येतं. तोंडातली काडी चघळत मी तसाच गेलो.

वहिनी ओसरीवर बसली होती. समोर पेरणीसाठी राखलेल्या भुईमुगाच्या शेंगा. शेंगा म्हणायच्या आपल्या, वरच्या थरात नुसती टरफलं होती.

"बघा भाऊजी! आमच्या आधी उंदरांनीच सुगी उरकली!"

तिचा नवरा खांबाला टेकून जप करत होता. सगळे त्याला भगतच म्हणतात. गणपतीवर इतका जीव, की उंदीर आडवा आला तर हा बाजूला होऊन त्याला वाट देतो.

"भाऊजी, सांगा यांना. सापळा लावू द्या म्हणावं."

"सापळा?" भगताचे डोळे खाडकन उघडले. "देवाचं वाहन आहे ते! पुजारीबुवा म्हणाले, उंदीर मारला तर देवावर पायी चालायची वेळ येईल."

"देवाचं वाहन देवानं आपल्या दारात बांधावं. माझ्या कणगीत का चरायला सोडलंय?"

"अगं, शंकराच्या घरी बघ. बापाच्या गळ्यात साप, पोराजवळ उंदीर. कसे गुण्यागोविंदानं राहतात!"

"राहणारच. त्यांना कुठं शेत पेरायचंय?"

मला हसू आलं, पण वाईटही वाटलं. पाऊस तोंडावर आला होता, रान तयार होतं आणि घरात बियाणं होतं ते एवढंच. ते संपलं तर वर्षभर दुसऱ्याच्या बांधावर खुरपं घेऊन वहिनीच जाणार होती. भगत काय, देवळात बसला असता.

त्याच दिवशी वहिनी देवळात गेली. हात जोडून बुवांना म्हणाली, "बुवा, देवाच्या हातात ही दोरी कसली हो?"

बुवा खुलले. बायकांनी काही विचारलं की त्यांना चेव येतो. "तो पाश! एक मातलेला उंदीर ऋषींच्या आश्रमात धान्याची नासाडी करत होता. देवानं पाश टाकून त्याला धरला आणि वाहन केलं."

"म्हणजे धरला तर पाप नाही?"

"छे! धरायला काय हरकत? मारायचा नाही."

संध्याकाळी वहिनीनं तारेचा पिंजरा आणला. सकाळी त्यात उंदीर. भगत आधी चरकला, पण वहिनी म्हणाली, "अहो, ज्याचं वाहन त्याला पोचतं करू या. तुम्हीच घेऊन जा." मग काय, भगतानं अंघोळ केली, पिंजऱ्याला फूल खोवलं आणि देवळात जाऊन उंदीर थेट गाभाऱ्यात सोडला. पुढं रोजच हे सुरू झालं. पिंजरा डोक्यावर घेऊन हा भल्या सकाळी निघायचा, आणि आम्ही वाटेवरून बाजूला व्हायचो.

बुवांना आधी कौतुक वाटलं. मग उंदरांनी समईच्या वाती खाल्ल्या, खोबरं खाल्लं, बुवांच्या धोतराचा काठ खाल्ला आणि शेवटी उशीत संसार थाटला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, त्यातली गत. एका सकाळी बुवा स्वतःच भगताच्या दारात हजर. हातभर ओरखडे आणि काखेत मांजर.

"बुवा, मांजर?" भगत हादरला.

"मांजर म्हणू नकोस! पोराबाळांना राखणाऱ्या षष्ठीदेवीचं वाहन आहे हे. एक देवळात ठेवलंय, हे तुझ्याकडं. पिंजरा मात्र आता बंद!"

"आणि यानं उंदीर खाल्ला तर?"

"तो देवादेवांच्या घरचा मामला. माणसानं मध्ये पडू नये."

वहिनीनं पिंजरा खुंटीला टांगला. पण भगत तो भगतच. त्यानं मांजराला कुंकू लावलं आणि सकाळ-संध्याकाळ वाटीभर दूध पुढं ठेवायला लागला. मांजर फुगलं. दिवसभर कणगीवर लोळायचं, आणि खाली उंदीर निवांत शेंगा फोडायचे. टरफलं पुन्हा सुपात यायला लागली.

पाऊस पडून गेला. त्या सकाळी मी चहाला बसलो होतो. भगतानं दुधाची वाटी ठेवली, हात जोडले. मांजर आळोखेपिळोखे देत उठणार, तेवढ्यात वहिनीनं वाटी उचलली.

"अगं, देवीचा नैवेद्य आहे तो!"

"हो ना. नैवेद्य देवापुढं दाखवतात आणि मग घरचे खातात. मी जन्मभर हेच करत आलेय." तिनं वाटी तोंडाला लावली आणि एका दमात रिकामी केली.

भगतानं माझ्याकडं पाहिलं. मी बशीत पाहिलं.

मांजरानं वहिनीकडं पाहिलं, रिकामी वाटी हुंगली, आणि अंग आकसून कणगीमागं शिरलं. भगतानं घाईनं डोळे मिटून जप सुरू केला. कणगीमागून बारीकसा चीं आवाज आला. जप मोठा झाला.

वहिनी पदरानं ओठ पुसत म्हणाली, "उठा आता. रानाला वाफसा आलाय, आणि पेरण्यापुरत्या शेंगा उरल्यात."