गिरणीच्या खांबावरचा फोन

मालकांची मुलगी सोल्बी जन्मली त्या वर्षीच्या हिवाळ्यात मी या गिरणीत आलो. ती चाळीस दिवसांची होती आणि मी कारखान्यातून निघून तीन आठवडे झाले होते. आज तिच्या केसांत पांढऱ्या बटा दिसू लागल्या आहेत. म्हणजे मी किती जुना टेलिफोन आहे ते, मित्रांनो, तुमचे तुम्हीच ठरवा. मी रंगाने काळा, अंगाने जड, आणि माझ्या पोटावर आकड्यांची गोल तबकडी. आकडे जन्मापासूनच अंगावर होते. अक्षरे मात्र मला फार उशिरा कळली. समोरच्या फळ्यावर मालकीणबाई खडूने ऑर्डरी लिहीत, त्या बघून बघून मी वाचायला शिकलो.

कारखान्यात आम्ही शंभरेक भावंडे एका फळीवर बसलो होतो. प्रत्येकाला राजधानीला, सोलला जायचे होते. कोणाला मोठ्या हॉटेलात, कोणाला मंत्र्याच्या टेबलावर. मला वर्तमानपत्राच्या कचेरीत जायचे होते, कारण तिथे म्हणे दिवसभर बातम्या येतात. पण माझी पेटी दक्षिणेच्या गाडीत चढली आणि साम्चनपो बंदरात उतरली. तिथल्या बाजारात तोकची गिरणी आहे. भिजवलेले तांदूळ दळायचे, वाफवायचे आणि यंत्रातून लांब पांढऱ्या कांड्या काढायच्या, तो तोक. नव्या वर्षाच्या सकाळी तोकचे सार प्याल्याशिवाय इथे कोणाचे वय वाढत नाही.

खरे सांगतो, गिरणी पाहून माझे मन खट्टू झाले. सगळीकडे पीठ, वाफ आणि यंत्राचा धडधडाट. वायरमनने मला खांबावर ठोकून बसवले. मग गिरणीचे मालक ओक गी-थेक पुढे आले. त्यांनी दोनदा हात धुतले, सदऱ्याला पुसले आणि मगच मला हात लावला. त्या काळी फोनच्या तारा थोड्या आणि मागणारे फार. मालकांनी लग्न झाल्यावर अर्ज केला होता. तेव्हा यादीत त्यांचा नंबर होता दोनशे बारा. दर महिन्याला ते टेलिफोनच्या कचेरीत जाऊन आपला नंबर किती वर सरकला ते पाहून येत. दोन वर्षे सात महिने त्यांनी माझी वाट पाहिली होती.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी कोणालाच फोन केला नाही. नुसता रिसीव्हर उचलून आतली घूं घूं ऐकली. मग मालकीणबाईंना ऐकवली. मग बाळाच्या इवल्या कानाशी धरला आणि म्हणाले, "ऐक, आपला आहे." त्या दिवसापासून मला सोल आठवेनासे झाले.

पुढची वर्षे भराभर गेली. अर्ध्या बाजाराला मी एकटाच होतो. बोटी वादळात अडकल्या, नातवंडे झाली, सोयरिकी जुळल्या, मोडल्या, सगळे माझ्यातून गेले. समोरच सुक्या मासळीचे दुकान मांडणारी बोंग-निम आजी बोटीवरच्या मुलाशी बोलायला यायची. ती इतक्या मोठ्याने ओरडायची, की मालक म्हणत, "आजी, तार आहे मध्ये. समुद्र ओलांडून हाक मारायची नाहीये."

"तू गप रे," ती म्हणायची. "तारेला ऐकू कमी येतं."

सोल्बी अकरा वर्षांची असताना माझी घंटा मुकी झाली. इतक्या वर्षांची वाफ आणि पीठ पोटात साचून घट्ट बसले होते. वायरमनने मला हलवून पाहिले आणि म्हणाला, "टाका हो हा. आता बटणांचे फोन निघालेत, गुलाबी रंगाचेसुद्धा." मला काढून तांदळाच्या पोत्यांवर ठेवले. तिथे मी आठ दिवस पडून होतो. माझ्या अंगावरून मांजर चालत गेले. नवव्या दिवशी, रविवारी, सोल्बीने मला मांडीवर घेतले. यंत्राचा पेचकस घेऊन तिने माझे पोट उघडले, वडिलांच्या दारूत कापूस बुडवून एकेक भाग पुसला आणि कुठला स्क्रू कुठला ते पाटीवर चित्र काढून ठेवले. संध्याकाळी मी वाजलो. आवाज जरा घोगरा झाला होता, पण वाजलो.

"अगं, कोणी शिकवलं तुला?" मालकीणबाईंनी विचारले.

"कोणी नाही. त्याच्या पोटातच लिहिलंय सगळं, नीट बघितलं की दिसतं."

त्यानंतर तिने एका मासिकातून सोलमधल्या एका कॉलेजच्या फाटकाचे चित्र कापले. तिथे अशा यंत्रांचे शिक्षण फार चांगले मिळते असे त्यात छापले होते. ते चित्र तिने खांबावर, नेमके माझ्या डोक्यावर चिकटवले. पुढची सात वर्षे ते फाटक माझ्या डोक्यावरून हलले नाही.

मोठ्या परीक्षेचे वर्ष आले. आमच्याकडे परीक्षेआधी मुलांना चिकट तांदळाचा तोक खायला देतात, म्हणजे कॉलेजची जागा मुलाला चिकटते. समुद्रातल्या शेवाळाचे सार मात्र अजिबात देत नाहीत, कारण ते बुळबुळीत, त्याने मूल घसरते. खरे तर वाढदिवसाला इथे शेवाळाचेच सार करतात. पण त्या वर्षी सोल्बीच्या वाढदिवसाला मालकीणबाईंनी तिला मुळ्याचे सार वाढले. सोल्बीने ते संपवले, पण तिला शेवाळाचे सार फार आवडे हे मला ठाऊक होते.

निकाल नव्या वर्षाच्या सणाआधी, ऐन थंडीत लागला. जवळच्या चिंजूच्या कॉलेजात तिला सरळ जागा मिळाली. सोलच्या कॉलेजचा निकाल फोनवर कळायचा होता. तिने माझी तबकडी फिरवली, आपला परीक्षेचा क्रमांक सांगितला, ऐकले आणि रिसीव्हर हळूच ठेवला.

"काय म्हणाले?" मालकीणबाईंनी विचारले.

"नऊ."

"नववी आलीस?"

"प्रतीक्षा यादीत नववी, आई. आत नाही, बाहेर नाही. दारात."

आता रीत अशी होती, की आत घेतलेल्या एखाद्या मुलाने जागा सोडली, तर कॉलेज यादीतल्या पुढच्या मुलाला फोन करणार. तीन वेळा करणार. उचलला नाही तर त्याच्या पुढच्याला. शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहाला यादी बंद. सोल्बीने अर्जात एकच नंबर दिला होता. माझा.

आणि सण आठ दिवसांवर! तोकच्या ऑर्डरींनी मी तासाला पंधरा वेळा वाजत होतो. मालकीणबाई एका दमात ओरडू लागल्या, "तोक हवा तर चालत या, ठेवते!" पहिल्या दिवशी लोक चिडले. दुसऱ्या दिवशी बाजारभर कारण कळले. तिसऱ्या दिवसापासून कोणी फोनच करीना. बंदरापलीकडची माणसेसुद्धा थंडीत चालत येत, फळ्यासमोर उभी राहून हळू आवाजात ऑर्डर सांगत, जणू घरात कोणी आजारी आहे.

बोंग-निम आजी मात्र हळू बोलणाऱ्यांतली नव्हती. "सोल्बीच्या आई, गावभरच्या पोरांना तुझ्या तोकने कॉलेजं चिकटली आणि तुझीच पोर दारात लोंबकळतेय! तिला चिकट तांदूळ कमी घातलास का गं?"

"आजी, तुमच्या तोंडात बोंबील घालीन हं," मालकीणबाई म्हणाल्या, आणि चार दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

रोज सकाळी सोल्बी एकदाच कॉलेजला फोन करून आपला नंबर विचारी. नऊचा नंबर चार झाला. मग एक. एकवर येऊन तो थांबला.

नवव्या नंबरावर सोल्बी बरी होती. एकवर आल्यावर तिचे जेवण सुटले. ती माझ्यासमोर पोत्यावर बसून राही. आईने नुसते पाहिले तरी खेकसे, "असं बघू नकोस ना माझ्याकडे! मी मेले नाहीये." एका दुपारी मालक तोकच्या कांड्या कापत होते. सोल्बी म्हणाली, "बाबा, तुम्ही कधी कशाची एवढी वाट बघितलीय का?"

मालकांनी हनुवटीने माझ्याकडे दाखवले. "त्याची. दोन वर्षं सात महिने."

"मग तेवढे दिवस काय केलंत?"

"काय करणार? गिरणी चालवली." त्यांनी आणखी चार कांड्या कापल्या. "आणि फोन नव्हता तेव्हाही लोक तोक न्यायला येतच होते."

 सोल्बी उठली, हात धुतले आणि दुसरी सुरी घेतली. तिचे वाट पाहणे थांबले असे नाही. माझ्याकडे तिचे लक्ष असे, ते मला कळे. पण हात चालत होते, आणि रात्री ती पोटभर जेवली.

शेवटचा दिवस उजाडला. दुपारी चारला मालकांनी यंत्राचा पट्टा उतरवला, कारण त्या धडधडाटात माझी घोगरी घंटा ऐकू आली नसती. सणाच्या तोंडावर गिरणी बंद! भिजवलेल्या तांदळाची घमेली घेऊन दहाबारा बायका रांगेत बसल्या होत्या. इतकी शांतता मी त्या गिरणीत कधी ऐकली नव्हती.

"अहो, माझे तांदूळ आंबतील," केस कुरळे करायच्या दुकानातली छोनबाई पुटपुटली.

"आंबू देत," बोंग-निम आजी म्हणाली. "गेल्या सणाला तू माझे केस जाळलेस, तेव्हा मी बोलले का काही?"

सगळ्या हसल्या आणि पुन्हा माझ्याकडे बघू लागल्या. पाच वाजले. साडेपाच झाले. मित्रांनो, टेलिफोनला स्वतःहून वाजता येत नाही. आयुष्यात मला त्याचे कधी काही वाटले नव्हते. त्या दिवशी वाटले.

सहाला दहा कमी असताना बोंग-निम आजी उठली. "माझ्याने बघवत नाही," म्हणाली आणि घरी निघून गेली.

सहा वाजले. मालकांनी घड्याळाकडे पाहिले, सोल्बीकडे पाहिले आणि पट्टा चढवायला वळले.

आणि मी वाजलो.

सगळी गिरणी जागच्या जागी गोठली. सोल्बीने मला असा उचलला, की माझी तार ताणली गेली.

"हॅलो?"

"कोण, सोल्बी का गं?" पलीकडून, घरी नव्यानेच घेतलेल्या फोनवरून, बोंग-निम आजी समुद्र ओलांडून ओरडत होती. "सहा वाजून गेलेत ना? माझं घड्याळ बघून मगच लावलाय हो! पाच शेर तोक लिहून घे माझा. मुलगा येतोय बोटीवरून."

जवळजवळ दोन तास आजी गिरणीत बसली होती आणि तिने तोकचे नावसुद्धा काढले नव्हते.

"लिहिते, आजी."

पलीकडे आजीने श्वास घेतला. पुढचे शब्द ती इतक्या हळू बोलली, की मला वाटले तारच बिघडली. "आला का गं तो फोन?"

"नाही आला, आजी."

"बरं." मग, "जेवलीस का?"

"नाही अजून."

"मग आधी जेव. माझा तोक उद्या दिलास तरी चालेल."

सोल्बीने मला जागेवर ठेवले. ती फळ्याकडे गेली, खडू घेतला आणि लिहिले : बोंग-निम आजी, पाच शेर. पहिले अक्षर वाकडे आले. बाकीची सरळ आली. डोळे बाहीला पुसून ती वळली आणि म्हणाली, "छोन काकू, आणा तुमचं घमेलं. आंबायच्या आत दळू."

मालकांनी पट्टा चढवला. यंत्र धडधडू लागले. त्या धडधडाटात मालकीणबाई कोणाला ऐकू न जाता रडून घेत होत्या, आणि रडता रडता त्यांनी मोठ्या भांड्यात काहीतरी भिजत घातले.

"आई, हे शेवाळ?" सोल्बीने विचारले.

"आता घसरायचं काय राहिलंय? वाढदिवसाचं राहिलं होतं ना तुझं."

सोल्बी त्या संध्याकाळी तीन वाडगे सार प्याली. तिसऱ्या वाडग्याला ती म्हणाली, "बाबा, चिंजूला वसतिगृहात हे मिळेल का हो?" आणि मालक म्हणाले, "नाही मिळालं तर फोन कर."

सोलमधल्या कोणत्या तरी मुलाने आपली जागा सोडली नाही, एवढेच झाले होते. त्याचेही बरोबरच होते. सोल्बी चिंजूला गेली. दर गुरुवारी संध्याकाळी सातला तिचा फोन येई. पहिले दोन महिने ती थोडे बोले, नंतर मालकीणबाईंना मध्ये बोलायला जागा मिळेना. आज बंदरावर तिचे दुकान आहे. बोटींवरचे रेडिओ ती दुरुस्त करते. वादळात एखाद्या बोटीचा आवाज किनाऱ्याला पोचतो, तेव्हा त्यात बहुधा तिचा हात असतो. ते फाटकाचे चित्र पिवळे पडले. एका वसंतात खांब पुसताना तिने ते अलगद काढले आणि खणात ठेवले. फाडले नाही.

माझी तार केव्हाच तोडली गेली. तरी वर्षातून एकदा सोल्बी माझे पोट उघडते आणि कापसाने पुसते. शाळेतली मुले येतात, तबकडीच्या भोकात बोट घालतात आणि पुढे काय करायचे ते त्यांना कळत नाही. मी रागावत नाही. मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखा कोणी जुना असेल. त्याला टाकण्याआधी एकदा उघडून पाहा. बहुधा नुसते पीठ साचलेले असते. आणि तुमच्या गल्लीत कोणी दारात ताटकळत असेल, तर त्याचा फोन अडवू नका, चालत जा. वेळ टळून गेली, की मात्र जरूर फोन करा आणि जेवलास का म्हणून विचारा.

सोल्बी चिंजूला तिसऱ्या वर्षाला असताना, नोव्हेंबरच्या बावीस तारखेला सकाळी बोंग-निम आजी वारली. ती एक्याऐंशी वर्षांची होती. त्या दिवशी गुरुवार होता. संध्याकाळी सातला सोल्बीचा फोन आला, आणि मालकांनी तिला सांगितले.