लाल नटवी आणि मी

मित्रांनो, त्या लाल नटवीकडे नंतर बघा, आधी माझ्याकडे बघा. मी एक जुनी काळी सायकल आहे. वय झालंय, पण माझा सांगाडा अजून ताठ आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथून मी दुकानात आले आणि एका तरुण सुताराने मला घरी नेलं. तेच माझे मालक. करवत आणि रंधा माझ्या कॅरिअरला बांधून ते रोज कामाला जायचे. लग्न झालं तशा मालकीणबाईही त्याच कॅरिअरवर बसू लागल्या. त्यांना मूल नव्हतं. माझे लाड मात्र भरपूर होते. दर रविवारी मालक मला दारात उलटी करून चेनला तेल द्यायचे आणि रिम चमकेपर्यंत पुसायचे. शेजारीपाजारी म्हणायचे, "बायकोपेक्षा सायकल लाडकी!" मला काय, गोडच वाटायचं.

मग ती आली. सहा-सात वर्षांची पोर, संस्थेतून दत्तक घेतलेली. अंगाने काडी, डोळे तेवढे मोठे. मालकीणबाई तिला लाडाने भिंगरी म्हणू लागल्या, पण भिंगरी कसली, पोर जागची हलायची नाही. "पाणी पिऊ का?" "खुर्चीवर बसू का?" "दिवा लावू का?" विचारल्याशिवाय घरातल्या कशालाच हात लावायची नाही. मालकीणबाई म्हणायच्या, "अगं, विचारतेस काय? घर तुझंच आहे." ती मान डोलवायची आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारायची.

तिला खुलवायला मालकांनी लाल सायकल आणली. झालं! माझ्या पोटात दुखायला लागलं. तेलाची बुधली तिच्यासाठी, मऊ फडकं तिच्यासाठी, अख्खा रविवार तिच्यासाठी. मी जिन्याखाली धूळ खात पडले. खोटं कशाला बोलू, त्या नटवीचं चाक पंक्चर व्हावं असं मला रोज वाटायचं.

शिकवणी सुरू झाली तशी भिंगरीने विचारलं, "हात काढणार नाही ना?"

"नाही काढणार," मालक म्हणाले. आणि काय सांगू, खरंच नाही काढला! सीट धरून, कमरेत वाकून ते गल्लीभर धावायचे. पोरीला तोल सांभाळता यायला लागला, तरी हात आपला तिथेच.

शेजारचे आजोबा हसायचे. "अहो, धरलंय धरलंय म्हणायचं आणि हळूच हात काढून घ्यायचा. सगळी पोरं अशीच शिकतात."

"हिला नाही फसवायचं, आजोबा," मालकीणबाई म्हणाल्या. "आधी एका घरी नेलं होतं तिला. त्या लोकांनी संस्थेत परत आणून ठेवलं, तेव्हा चार दिवसांत न्यायला येतो म्हणाले होते. ही रोज दारात बसून वाट बघायची."

हे ऐकून माझा राग निवळला असं वाटतंय तुम्हाला? छे! तिच्यामागे धावून धावून माझे मालक पार पिचून गेलेत, तेवढंच मला दिसत होतं. शेवटी व्हायचं तेच झालं. एका सकाळी त्यांची कंबर धरली. वाकताच येईना.

भिंगरी दारात उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "तुम्ही मोठ्या सायकलवर बसाल का? म्हणजे वाकावं लागणार नाही. मीच तिला धरते."

तिला म्हणजे मला! कितीतरी दिवसांनी मालक माझ्यावर बसले. भिंगरीने एका हाताने आपलं हँडल धरलं आणि दुसऱ्याने माझं कॅरिअर घट्ट पकडलं. तो हात घामाने ओला होता. माझी चेन कुरकुरली, पण मी निघाले. ज्या नटवीचा इतका दुस्वास केला, तिलाच मी ओढत नेत होते. काय हे नशीब! मालकीणबाई बाजूने पळत होत्या, "हळू, हळू हं!"

गल्लीच्या वळणापाशी कॅरिअर एकदम हलकं झालं.

"अगं, हात!" मालक ओरडले.

"मीच काढला!" भिंगरी किंचाळली आणि आमच्या पुढे निघून गेली. टोकाला जाऊन वळली, धडपडली, उठली आणि परत आमच्याकडेच आली. मालक भर रस्त्यात डोळे पुसत उभे राहिले. मालकीणबाईंना हसावं की रडावं कळेना. आणि मला? मला हेवाच वाटला. माझ्यासाठी ही दोघं कधी रडली नव्हती.

मित्रांनो, नवं जरूर आणा, हौसेने आणा. पण जुन्यावरून अधूनमधून एखादं फडकं फिरवत जा. आम्ही मागत नाही, म्हणून आम्हाला नको असतं असं नाही.

त्याच संध्याकाळी भिंगरी स्टुलावर चढली आणि फळीवरची तेलाची बुधली काढून माझ्यापाशी उकिडवी बसली. "ही फार कुरकुरते," असं आपल्याशीच पुटपुटत ती माझ्या चेनवर तेल ओतू लागली. थेंब थेंब नाही, चांगली धारच! नुकत्याच पुसलेल्या फरशीवर तेलाचं तळं झालं. मालक ओरडणार, तेवढ्यात मालकीणबाईंनी त्यांचा दंड धरला.

"गप्प बसा," त्या कुजबुजल्या. "तिने विचारलं नाही."