मांडीवरून नेलेलं खोकं

जाफर मन्याराच्या घरात बांगडी कायम मांडीवरून प्रवास करत आली होती. बाप सोलापूरहून माल आणायचा तो एसटीत मांडीवर टोपली घेऊन. कंडक्टर कितीही खेकसला तरी टोपली टपावर गेली नाही. जाफरचंही तीस वर्षं तेच. लोहाऱ्याच्या जीपमध्ये माणसं कशीही कोंबलेली असोत, याच्या मांडीवर बांगड्या आणि त्यांवर दोन्ही हात. या सवयीने त्याचं कधी नुकसान केलं नव्हतं. केलं ते एकदाच, आणि तेवढं पुरे झालं.

लोहाऱ्याच्या पेठेत त्याचं दुकान. म्हणायला जाफरचं, पण गिऱ्हाईक यायचं ते त्याच्या आईकडे, सकिनाबीकडे. म्हातारी सत्तरीची. बांगडी हातात भरण्याआधी ती दुसरीवर अलगद वाजवून बघायची. काच अखंड असली की खणखणीत वाजते, केसाएवढा तडा असला तरी आवाज बद्द येतो. तसा आला की ती बांगडी बाजूला. लोहाऱ्याच्या निम्म्या लेकींचे लग्नातले चुडे तिने भरले होते, आणि सकिनाबीच्या हातची बांगडी टिचत नाही हे पंचक्रोशीत सगळे धरून चालायचे. हल्ली पोरी काचेच्या बांगड्या घालत नाहीत, दुकानात दिवसदिवस माशा मारायची वेळ आली होती, पण नाव मात्र शाबूत होतं.

यंदा श्रावणात तुळजापूरच्या विरुपाक्ष शेठने जाफरला बोलावून घेतलं. देवळाच्या वाटेवर त्याचं ओटीच्या सामानाचं दुकान. नवरात्रासाठी त्याला बंद खोक्यातली ओटी हवी होती. डझनभर हिरव्या बांगड्या, हळदकुंकू, खणाचा तुकडा, फणी, सगळं एका खोक्यात, वरून चिकटपट्टी. बाईने यावं, उचलावं, रांगेत लागावं. सहाशे नग. भाव ठरवून टाकला आणि त्यात खोकं कसलं घालायचं ते तुझं तू बघ म्हणाला.

सोलापूरच्या खोकीवाल्याने तीन नमुने पुढ्यात टाकले. एक तीन पदरी पुठ्ठ्याचं, आत बांगड्यांसाठी वेगळा कप्पा, अकरा रुपयांचं. दुसरं तसलंच, पण कप्प्याविना, सातचं. तिसरं मिठाईचं असतं तसं पातळ, लाल, वर सोनेरी वेलबुट्टी, चार रुपयांत. पहिली दोन मातकट रंगाची, औषधाच्या दुकानातली वाटावीत अशी. तिसरं नवरीसारखं. जाफरचं मन तिसऱ्यावर बसलं. तरी तो घाईचा माणूस नव्हता. त्याने ते एक खोकं घरी आणलं, आईकडून भरून घेतलं आणि तपासायला म्हणून जीपने तुळजापूरला नेलं. विरुपाक्ष शेठच्या समोर उघडलं. बारा बांगड्या, बाराही धड. तेच खोकं परत लोहाऱ्याला आणलं. तरी धड.

आता या माणसाला मूर्ख म्हणावं, तर त्याने दोनदा खात्री करून घेतली होती. शहाणा म्हणावं, तर जाताना आणि येताना ते खोकं आपल्या मांडीवर होतं आणि सहाशे खोकी मांडीवर मावत नाहीत, एवढं त्याच्या ध्यानात आलं नाही. जन्मभराची सवय माणसाला दिसत नाही.

सकिनाबीने महिनाभर खपून एकेक बांगडी वाजवली, डझनाला हिरवा दोरा बांधून आपली नेहमीची दुहेरी गाठ मारली. सहाशे खोकी पोत्यांत भरली, पोती जीपच्या टपावर गेली, वर कुणाचे तरी सोयाबीनचे कट्टे आले. जाफर आत बसला होता. मांडी मोकळी होती, म्हणून त्याला अवघडल्यासारखं झालं, एवढंच.

पाचव्या माळेला विरुपाक्षचा फोन आला. दोन दिवस बायका खोकी परत आणून आदळताहेत म्हणाला. देवीच्या दारात फुटक्या बांगड्या निघाल्यावर बाईमाणसाच्या काळजाचं काय होतं, हे तुला मी सांगायचं का. बायकांनी आणून दिलेली आणि शिल्लक राहिलेली खोकी त्याने दुसऱ्याच दिवशी परत पाठवली. अंगणात सकिनाबीने एक उघडलं, दुसरं उघडलं, दहावं उघडलं. मग तिने विचारलं, तपासायला तू ते नेलंस कसं. जाफरने दोन्ही हात मांडीवर ठेवून दाखवलं. म्हातारीने पदर तोंडावर घेतला.

नुकसान सोसलं असतं. नावही हळूहळू सावरलं असतं. पण नवरात्र उठलं आणि माकणीचा एक माणूस दुकानावर रणधीर गेल्याचं सांगत आला. रणधीर म्हणजे माकणीच्याच बब्रुवान पाटलाचा मुलगा, शिवकन्येचा नवरा. शिवकन्या जाफरच्याच गल्लीतली लेक, सहा वर्षांपूर्वी तिचा चुडा सकिनाबीनेच भरला होता. रणधीर मोटरसायकलवरून पडून डोक्याला मार लागला होता. सोलापूरचे डॉक्टर म्हणाले, आजच ऑपरेशन करावं लागेल, वाचायची आशा निम्मी, संध्याकाळपर्यंत सही द्या. बब्रुवानने सुनेवर सोपवलं. ती तिथनंच तुळजापूरला गेली, देवीची ओटी भरायला, आणि परत येऊन ऑपरेशनला नको म्हणाली. पोराला घरी आणलं. तिसऱ्या दिवशी संपलं.

जाफरने विचारलं, ती तुळजापूरला गेली कितव्या माळेला. माणूस म्हणाला, चौथ्या.

त्या रात्री मायलेकांनी अन्नाला हात लावला नाही. सकाळी सकिनाबी म्हणाली, जा, पोरीला खरं सांग. देवीने नाही, आपल्या खोक्याने केलं ते. जाफर माकणीला निघाला. वाटभर त्याने ते एकच वाक्य घोळवलं, आणि दरवेळी ते पहिल्यापेक्षा जड झालं.

शिवकन्या आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. हात मोकळे. जाफरला बघून तिने पदर सारखा केला आणि कोनाड्यातून ते लाल खोकं काढून त्याच्यापुढं ठेवलं. आत हिरव्या काचा, आणि दोऱ्याची गाठ जशीच्या तशी. जाफर बोलणार होता. तोंड उघडलंही होतं.

"गाठ वळखली म्या," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाचं आसतं तर म्हणले आसते, माल हलका. पर सकिनाआजीच्या हातची बांगडी फुटत न्हाय, हे म्हाईत हाय मला. तीच फुटली म्हंजी देवीच बोलली. पुजारी म्हणले, दुसरं घिऊन या. म्या न्हाय आणलं. एकदा सांगितल्यावर पुन्ना काय इचारायचं."

सासू नाही, बब्रुवान बाहेर ओसरीवर खांबासारखा बसलेला, आणि ही पोर एकटी त्या काचांशी बोलत आठवडाभर जगलेली.

"गावातले म्हणत्यात, सही केली आसती तर जगला आसता," ती म्हणाली. मग पहिल्यांदाच तिने त्याच्या डोळ्यांत बघितलं. "चाचा, खरं सांगा. आनखी कुणाच्या फुटल्या व्हत्या का वो? का माझ्याच?"

तीनशेच्या वर फुटलेली खोकी घरी अंगणात पडली होती. खरं सांगणं फार सोपं होतं. एक शब्द, आणि जाफर मोकळा. तो शब्द घेऊन पुढची चाळीस वर्षं काढायची ती हिने.

"तुझ्याच, पोरी," जाफर म्हणाला. "एकट्या तुझ्याच."

तिने मान हलवली. खांदे सैल पडले, आणि ती रडू लागली. आठ दिवसांत पहिल्यांदाच रडली, असं बब्रुवानने नंतर ओसरीवर सांगितलं. त्याने जाफरचे हात धरले. तुम्ही आलात, लई बरं केलंत, म्हणाला. इतकी शरम जाफरला जन्मात वाटली नव्हती.

घरी आल्यावर आईने सांगितलंस का विचारलं नाही, त्याच्या तोंडाकडे बघून ती समजली. दोघांनी परसात खड्डा खणला आणि खोकी पुरायला घेतली, फुटलेली आणि धड, सगळीच. एक जरी कुणाच्या नजरेला पडलं असतं तरी बोभाटा झाला असता. शेवटचं उरलेलं एक सकिनाबीने उघडलं, दोन बांगड्या एकमेकींवर वाजवल्या. खणखणीत वाजल्या. तिने त्याही खड्ड्यात टाकल्या.

पण परत आली नाहीत ती खोकी बायका गावोगाव घेऊन गेल्या होत्या, त्यांतली फुटकी किती कोण जाणे. माकणीहून लोहाऱ्याला रोज जीप येते. जीप थांबली की जाफर हातातलं काम टाकून उतरणाऱ्या बायका बघतो, आणि शिवकन्या त्यांत नसली की पुन्हा कामाला लागतो.