पाचवी ओळ आणि हिरवं पाकीट

वेंग पिंगखुन टेलिफोन खात्यातून साहेब म्हणून निवृत्त झाला, पण खात्यात त्याचं नाव राहिलं ते एका परिपत्रकामुळे. 'यंत्रांवर खाद्यपदार्थांची पाकिटं ठेवू नयेत,' एवढंच ते परिपत्रक होतं. आता तैपेईत यंत्र म्हटलं की त्यावर नारळाच्या स्वादाच्या पोंग्यांचं हिरवं पाकीट असतंच. पाकिटाचं नावच 'शहाणं बाळ' अशा अर्थाचं. यंत्राने ते वाचावं आणि तसं वागावं, ही अपेक्षा. पाकीट हिरवंच हवं, तारीख उलटलेली चालत नाही, आणि ते फोडायचं नाही. वेंगने एक्स्चेंजमधली सगळी पाकिटं उचलायला लावली आणि त्याच दुपारी चार वस्त्यांचे फोन तीन तास मुके झाले. केबल घुशीने कुरतडली होती, हे त्याने अहवालात घुशीच्या फोटोसकट सिद्ध केलं. फोटो कोणी पाहिला नाही. याला पंधरा वर्षं झाली, तरी भाजीबाजारात जुना शिपाई भेटला की विचारतो, "साहेब, घूस बरी आहे ना?"

अशा माणसाच्या घरात हे घडलं.

त्याची बायको स्यूलुआन एकोणिसाव्या वर्षी चियायी गावच्या रेडिओवर एकदा गायली होती. लोकनाट्यातलं विलापाचं पद, आठ ओळींचं, थेट प्रसारण. वेंगची थोरली बहीण युएश्या तेव्हा स्टुडिओत समोर बसलेली. ती गेली चाळीस वर्षं दर सणाला जेवताना सांगायची, "पाचव्या ओळीला हिला शब्द आठवेनात. नुसतं हूं हूं करून हुंदक्यात भागवलं हिने!" आणि स्यूलुआन म्हणायची, "वन्सं, तो हुंदका पदातलाच आहे." वेंगला बायकोचं म्हणणं सोळा आणे खरं वाटायचं. का, तर ती गाणारी होती आणि बहीण फक्त बोलणारी.

मग रेडिओच्या कुठल्याशा कपाटातून ती जुनी फीत निघाली आणि ताई ती पेन ड्राइव्हमध्ये भरून घेऊन आली. वेंगच्या कॉम्प्युटरवर सगळ्यांनी ऐकली. पाचवी ओळ आली आणि स्पीकरमधून आलं, "हूं हूं."

"ऐकलंस?" ताई टाळी वाजवून म्हणाली.

"ती याच्या डब्याची घरघर आहे," स्यूलुआन शांतपणे म्हणाली. "पंखा गातोय तो. मी नाही."

झालं! वेंगच्या डोक्यात किडा शिरला. घरघर तर होतीच. माउस हलवला तरी स्पीकर चिरकायचे. कॉम्प्युटरच्या पोटात आकड्यांचा आवाज तयार होतो, तिथेच तो नासतो. यावर इलाज एकच. साउंड कार्डावरच्या चिपच्या नेमक्या पायाला तार जोडायची, आकडे आकड्यांच्याच रूपात बाहेर काढायचे आणि त्यांचा आवाज करायचं काम बाहेरच्या कन्व्हर्टरला द्यायचं. "येत्या रविवारी," त्याने जाहीर केलं, "माझ्या बायकोचा आवाज शुद्ध ऐकवतो."

"पेन ड्राइव्ह माझ्यापाशी राहील," ताईने तो पर्समध्ये टाकला. "नाहीतर तू त्याचीही दुरुस्ती करशील."

"कशाला उकरता?" स्यूलुआन म्हणाली. "म्हाताऱ्या माकडा, झालं ते झालं."

वेंगला तो तिचा विनय वाटला. नवऱ्यांना असं बरंच काही वाटतं.

क्वांगहुआच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून त्याने जुना कन्व्हर्टर आणला, भिंग लावलं आणि तांदळाच्या दाण्याहून बारीक पायाला कथिलाने तार झाळली. तार पाठीमागून काढून कन्व्हर्टरमध्ये खोचली. कन्व्हर्टरवर एकच दिवा: आकडे पोचले की हिरवा, नाहीतर लाल. दिवा लाल. मीटर सांगत होतं, सगळं ठीक. दिवा सांगत होता, काही ठीक नाही. तीन दिवस त्याने तार बदलली, अर्थिंग बदललं, चहा सोडला. दिवा लालच.

चौथ्या दिवशी स्यूलुआन भाजी घेऊन आली आणि जाता जाता पिशवीतलं हिरवं पाकीट तिने उघड्या कॉम्प्युटरमध्ये, कार्डावर टेकवून ठेवलं.

दिवा हिरवा झाला.

"काढ ते," वेंग म्हणाला.

तिने काढलं. लाल. ठेवलं. हिरवा. त्याने खात्यातल्या शिस्तीने प्रयोग मांडले. तेवढ्याच वजनाचा तांदूळ: लाल. त्याच पोंग्यांचं मसालेदार पिवळं पाकीट: लाल. तारीख उलटलेलं हिरवं पाकीट, जे त्याने मुद्दाम शेजारच्या लाँड्रीतून मागून आणलं: लुकलुक, मग लाल. नवं, हिरवं: हिरवा दिवा, ढिम्म हलायचा नाही.

"झाळलेला डाग कच्चा आहे," तो पुटपुटला. "पाकिटाने दाब पडतो. दाब."

"मग तांदळाने का नाही पडत?"

"तांदूळ सरकतो."

"आणि पिवळं?"

वेंगने पिवळं पाकीट खणात टाकलं. हे जर खात्यात कळलं असतं तर त्याला गाव सोडावं लागलं असतं.

रविवारी सकाळी त्याने सगळे डाग वितळवून नव्याने भरले. पाकिटाशिवाय चालतंय का, हे बघायची मात्र त्याची छाती झाली नाही. पाहुणे यायचे होते, बायकोच्या अब्रूचा प्रश्न होता. त्याने पाकीट मुकाट जागेवर ठेवलं.

दुपारी ताई आली. आत पाकीट दिसताच तिने भुवया उंचावल्या, पण ती काही बोलली नाही, कारण तिच्या स्वतःच्या फ्रिजवर, लिफ्टमध्ये आणि जावयाच्या स्कूटरवरही पाकिटं होती. तिने पेन ड्राइव्ह दिला. तिघं ओळीने बसली. वेंगने बटण दाबलं.

असा आवाज त्या घरात कधी आला नव्हता. घरघर नाही, चिरचिर नाही, पोरीचा एकोणीस वर्षांचा गळा नुसता. श्वास घेतला तरी कळत होता. पहिली ओळ, दुसरी. वेंगचे डोळे भरून आले. तिसरी. त्याने बायकोकडे पाहिलं. ती खूश नव्हती. तिचे हात मांडीवर घट्ट धरलेले होते आणि ती गाण्याकडे नाही, दाराकडे बघत होती.

चौथी ओळ चालू असताना ती उठली, उघड्या कॉम्प्युटरमधून पाकीट उचललं आणि फर्रकन फाडलं. "भूक लागली," ती म्हणाली आणि तिने एक पोंगा तोंडात टाकला.

दिवा हिरवाच राहिला.

पाकीट फुटलं, यंत्र चालूच! पंधरा वर्षं! घूस! त्याला उठून नाचावंसं वाटलं. ओरडायला त्याने तोंडही उघडलं, आणि त्याला बायकोचा चेहरा दिसला. पोंगा तोंडात तसाच होता, चावायचं भान नव्हतं, आणि ती त्या हिरव्या दिव्याकडे बघत होती. तेव्हा कुठे त्याला चाळीस वर्षांचा उलगडा झाला. हुंदका पदातला नव्हता.

चौथी ओळ संपत आली होती. वेंगने पाय लांब केला आणि अंगठ्याने खाली ठेवलेल्या कन्व्हर्टरची तार ओढून काढली.

सगळं शांत झालं. दिवा लाल.

"काय झालं?" ताई किंचाळली. "नेमकं आत्ताच?"

"पाकीट फोडलं ना हिने," वेंग म्हणाला. "पाकिटाशिवाय यंत्र चालत नाही, ताई."

ताई त्याच्याकडे बघतच राहिली. "पिंगखुन, हे तू म्हणतोस? मग ते परिपत्रक?"

"मागे घेतलं."

"आणि घूस?"

"घूस निर्दोष होती."

ताईला एवढा आनंद झाला, की पाचवी ओळ ती साफ विसरली. "थांबा, जावयाला फोन करते!" म्हणत ती गॅलरीत पळाली. आता हे उद्यापर्यंत सगळ्या खात्यात, भाजीबाजारात, शिपायापर्यंत पोचणार होतं, आणि वेंगला ते माहीत होतं.

स्यूलुआन त्याच्या शेजारी येऊन बसली. तिने पाकीट त्याच्यापुढे धरलं. त्याने एक पोंगा घेतला. मग तिने जमिनीवर पडलेलं तारेचं टोक चपलेने हळूच ढकलून कपाटाखाली सारलं.